पिकअप पेट्रोल पिते: दोष गाडीत आहे की हिशेबात, ते आधी ठरवा

फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हेराडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा या आकाराच्या पिकअपवाल्यांची एक तक्रार कायमची: अ‍ॅव्हरेज पडलं. मग एअर फिल्टर बदलला जातो, प्लग बदलले जातात, टाकीत क्लीनरची बाटली ओतली जाते. दोन-तीन टाक्या बरं वाटतं आणि आकडा पुन्हा जिथल्या तिथे. असं होतं, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या तक्रारी येतात. ‘अ‍ॅव्हरेज कधीच चांगलं नव्हतं’ ही एक आणि ‘आधी चांगलं होतं, आता घसरलं’ ही दुसरी. पहिलीत बहुतेक वेळा गाडी ठणठणीत असते. वेग, टायर, छोट्या फेऱ्या नाहीतर अपेक्षा यांत गडबड असते. दुसरीत काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते सापडतंही. फक्त पार्ट विकत घेण्याआधी मोजायला हवं.

किती मिळायला हवं

अलीकडच्या व्ही-८, फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) स्टिकरवर शहरात साधारण १५ ते १७ आणि हायवेवर २० ते २२ मैल प्रति गॅलन असा आकडा असतो. १५ म्हणजे लिटरला जेमतेम ६.४ किलोमीटर. त्यामुळे रोज शहरात फिरणाऱ्या गाडीने १४ दिले तर तो बिघाड नव्हे. २००८ च्या मॉडेलपासून ईपीएने चाचणीची पद्धत बदलली; त्याआधीच्या गाड्यांचे मूळ स्टिकर वाजवीपेक्षा आशावादी होते, तेव्हा २००५ च्या गाडीची तुलना तिच्या जुन्या कागदाशी करू नका. आणि २५००, ३५०० किंवा एफ-२५० या वर्गातल्या, म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन धरून ८,५०० पौंडांपेक्षा जास्त एकूण भारक्षमतेच्या पिकअपला हे स्टिकर लागतच नाही. हेवी-ड्युटी गाडी घेऊन १५०० वर्गातल्या हलक्या पिकअपचा आकडा शोधणं व्यर्थ.

मैल प्रति गॅलन हा आकडा पिकअपवाल्याला फसवतो, हेही इथेच सांगायला हवं. वर्षाला १२,००० मैल धरा. १२ चं अ‍ॅव्हरेज १५ वर नेलं की १,००० गॅलनचे ८०० होतात, २०० गॅलन वाचतात. छोट्या कारचं ३० वरून ४० झालं तर वाचतात १००. म्हणून ‘एक-दोन मैलांनी काय होतंय’ हे वाक्य कारसाठी चालेल, पिकअपसाठी नाही. हिशेब ‘१०० मैलांना किती गॅलन’ असा ठेवला तर प्रत्येक दुरुस्तीचा खरा फायदा लगेच दिसतो.

मोजणी नीट नसेल तर पुढचं सगळं वाया

डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा चढाच असतो. तो कालच्या आणि आजच्या तुलनेला ठीक, निदानाला नाही. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांबा, वरून टोचून भरू नका. पुढच्या वेळी शक्यतो तोच पंप, गाडी त्याच बाजूने, तसाच पहिला कट. मधले मैल भागिले भरलेले गॅलन. पाच गॅलन संपल्यावर भरलंत तर अर्ध्या गॅलनच्या चुकीने उत्तर दहा टक्के हलतं. वीस गॅलन संपल्यावर तीच चूक अडीच टक्क्यांची. म्हणून टाकी खाली आल्यावरच भरा आणि लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये.

टायरचा आकार बदलला असेल तर ओडोमीटर खोटं बोलतो, हे फार जण विसरतात. २७५/६५ आर १८ या टायरचा व्यास ३२.१ इंच. त्या जागी ३५ इंची टायर घातले की प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे ९ टक्के जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. मीटर ३०० मैल दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ३२७ मैल गेलेली असते. २२ गॅलन लागले असतील तर कागदावर १३.६ येतात, प्रत्यक्षात १४.९. मोठ्या टायरमुळे खरं अ‍ॅव्हरेजही पडतं, कारण ते जड असतात, रुंद असतात आणि गाडी हवेत उंच उचलतात. पण दिसणाऱ्या घसरणीचा बराच भाग निव्वळ मीटरचा असतो. टायरचा आकार गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त करून घ्या. गिअर कधी बदलायचे तेही त्यावर ठरतं.

पाना हातात घेण्याआधी

सगळ्यात मोठा वाटेकरी वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ६५ मैलांवरून ७५ वर गेलात की तो ३३ टक्क्यांनी वाढतो. आणि पिकअप म्हणजे भिंतीसारखं तोंड घेऊन चालणारी गाडी, त्यामुळे हायवेवर इंजिनाची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. ‘नवीन नोकरीनंतर अ‍ॅव्हरेज पडलं’ अशा तक्रारीत आधी नवा रस्ता आणि त्यावरचा वेग विचारावा.

दुसरा वाटेकरी थंडी आणि छोट्या फेऱ्या. ७७ अंश फॅरनहाइटच्या मानाने २० अंशांना शहरातलं अ‍ॅव्हरेज सुमारे १५ टक्के पडतं, तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत त्याहून बरंच जास्त. इंजिन ऑइल घट्ट, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमधलं तेल त्याहून घट्ट, वर हवा-पेट्रोलचं मिश्रण गार इंजिनासाठी गडद, म्हणजे पेट्रोल जास्त. भरीला रिमोट स्टार्ट. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा गॅलन सहज जाळतं. रोज पंधरा मिनिटं धरली तर महिन्याला पावणेचार गॅलन शून्य मैलांसाठी गेले. हिवाळी पेट्रोलच्या मिश्रणात ऊर्जाही एक-दोन टक्क्यांनी कमी असते. दर नोव्हेंबरला ‘पुन्हा’ येणारी आणि एप्रिलमध्ये आपोआप बरी होणारी तक्रार बहुतेक हीच. तिच्यासाठी एकही पार्ट घेऊ नका.

तापमान दर १० अंश फॅरनहाइट घसरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआय उतरते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३५ असेल तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा साधारण २६ ला पेटतो, त्यामुळे २७-२८ वर चाललेल्या गाडीत दिवा गप्पच असतो. तरी हवेला वाजवीपेक्षा श्रेय देऊ नका: चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी म्हणजे अ‍ॅव्हरेज ०.२ टक्के कमी. आठ पीएसआय उतरले तरी दीड-दोन टक्केच. टायर मात्र कडांना खाल्ले जातात, आणि खरा खर्च तो. मूळचे पी-मेट्रिक (कारच्या धाटणीचे) टायर काढून एलटी (हलक्या ट्रकचे) टायर बसवले असतील तर दारावरचा आकडा पुरत नाही. तेच वजन पेलायला त्यांना जास्त हवा लागते. टायर कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता पाहूनच भरा. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा हा भरायचा आकडा नव्हे.

मागच्या फाळक्याचा वाद कायमचा मिटवून टाकू. फाळका पाडून चालवल्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. तो बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. हौद्यावरच्या सपाट कव्हरने थोडा फायदा होतो, पण कव्हरची किंमत पेट्रोलातून वसूल करायला निघाल तर गाडीचं आयुष्य संपेल. त्यापेक्षा पुढच्या बंपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी जागेवर आहे का ते बघा. फूटपाथला घासून ती तुटते, नाहीतर ‘दिसायला बरं’ म्हणून काढली जाते, आणि हायवेवर तिची उणीव जाणवते. लेव्हलिंग किट लावून नाक दोन इंच वर गेलं की परिणाम तोच.

स्कॅनर लावा, दिवा पेटलेला नसला तरी

अमेरिकेत १९९६ पासूनच्या या आकाराच्या प्रत्येक पेट्रोल पिकअपला स्कॅनर जोडायचं ओबीडी-२ सॉकेट आहे. कोड वाचणारं स्वस्त यंत्र पुरत नाही. चालू गाडीचे आकडे दाखवणारं हवं. कारण अ‍ॅव्हरेज खाणारे बरेच दोष चेक इंजिनचा दिवा पेटवतच नाहीत.

पहिला आकडा कूलंटचं तापमान. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखून धरणारी झडप, अर्धवट उघडा अडकणं हा या गाड्यांतला सर्वांत दुर्लक्षित दोष आहे, म्हणून इथे थोडं थांबू. इंजिन साधारण १९५ ते २२० अंश फॅरनहाइटला चालायला हवं. थर्मोस्टॅटची स्प्रिंग ढिली पडली किंवा सीटवर कचरा बसला की शहरात तापमान ठीक दिसतं, पण हायवेवर वारा लागला की १६५ ते १७५ वर उतरतं. पी०१२८ हा कोड त्यासाठीच आहे. पण तो ठरावीक मर्यादेखालीच येतो, आणि तिच्या किंचित वर रेंगाळणारी गाडी महिनोन् महिने कोड न देता चालते. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. कॉम्प्युटर तो मुद्दाम मधोमध धरून ठेवतो, तापमान बऱ्याच अंशांनी इकडेतिकडे झालं तरी तो हलत नाही. इंजिन गार राहिलं की मिश्रण गडद राहतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) पूर्ण लॉक व्हायला उशीर होतो, सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा सुरूच होत नाही. एका स्वस्त पार्टचा फटका तीन बाजूंनी बसतो.

तपासणी अशी: रात्रभर गार झालेली गाडी सुरू करा, स्कॅनर लावून हायवेवर २० मिनिटं सलग चालवा. तापमान १९० च्या वर जाऊन तिथे टिकलं पाहिजे. चढावर वाढतं आणि उतारावर झपाट्याने १७० पर्यंत कोसळतं, असं दिसलं तर थर्मोस्टॅट गेला. बदलताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाचाच घ्या. १६० किंवा १८० अंशांचा ‘परफॉर्मन्स’ थर्मोस्टॅट म्हणजे तोच आजार विकत घेणं. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. काम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा बाहेर काढा, नाहीतर हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकून आकडे नाचतात आणि नव्या पार्टवर खापर फुटतं.

दुसरा आकडा फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ किंवा घट करतोय तो, लाँग-टर्म आणि शॉर्ट-टर्म दोन्ही. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय. ट्रिम +१२ दिसला की ‘कॉम्प्युटर १२ टक्के जास्त पेट्रोल ओततोय, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं’ असं म्हटलं जातं. तसं नाही. इनटेकमध्ये कुठे हवा शिरत असेल तर कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवून मिश्रण योग्य जागी आणतो. शेवटचं मिश्रण बरोबरच असतं आणि अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. अ‍ॅव्हरेज पडतं ते ऑक्सिजन सेन्सरच खोटी साक्ष देतो तेव्हा. तो ‘मिश्रण फिकं आहे’, म्हणजे पेट्रोल कमी आहे, असं चुकीचं सांगतो, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो आणि खरोखर जादा पेट्रोल जळतं. म्हणून ट्रिम पाहिल्यावर पुढचा प्रश्न हा: हा आकडा खऱ्या फिकेपणामुळे आहे की खोट्या?

इंजिन गरम करून आयडलला आणि मग २,५०० आरपीएमला ट्रिम लिहून घ्या, दोन्ही बँकांचे, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांचे. लाँग-टर्म आणि शॉर्ट-टर्मची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर पुढे जा. आयडलला जास्त आणि २,५०० ला कमी होत असेल तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे इनटेकमध्ये कुठून तरी शिरणारी हवा. उलट वेग आणि भाराबरोबर वाढत असेल तर मास एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) घाण झालाय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. आणि एकाच बँकेचा ट्रिम चढा असेल, दुसरी शांत असेल, तर आधी एक्झॉस्ट ऐका. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक आवाज येतो आणि गाडी तापली की जातो, ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तुटलेल्या बोल्टची खूण. जीएमच्या (शेव्हीच्या) व्ही-८ मध्ये आणि रॅमच्या ५.७ हेमी इंजिनामध्ये हे सर्रास होतं, बहुधा मागच्या टोकाच्या बोल्टला. त्या फटीतून एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो फिकेपणाची बोंब मारतो. पडताळा सोपा आहे: त्याच बँकेचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागचा सेन्सर ०.८ व्होल्टच्या आसपास अडकून असेल, म्हणजे गडद दाखवत असेल, आणि त्या बाजूचे प्लग काळ्या काजळीने भरले असतील, तर फिकेपणा खोटा. अशा गाडीत नवा ऑक्सिजन सेन्सर टाकून काही होत नाही. तोही तेच खोटं सांगेल, कारण त्याच्या पुढ्यात हवाच तशी येते.

बँक १ म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर ती. जीएम आणि हेमीमध्ये ती ड्रायव्हरची बाजू, फोर्डच्या व्ही-८ मध्ये पॅसेंजरची. चुकीच्या बाजूचा सेन्सर बदलून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच सापडतात.

सेन्सरच म्हातारा झाला असेल तर तो हळू प्रतिसाद देतो. जुन्या धाटणीच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. रेंगाळत असेल किंवा पी०१३३, पी०१३५ असे कोड येत असतील तर बदला. २२ मिलिमीटरचा खाचेचा सॉकेट लागतो, एक्झॉस्ट कोमट असताना सुटायला सोपं जातं, वायर पिळू देऊ नका. पूर्ण निकामी झालेला सेन्सर बदलल्यावर अ‍ॅव्हरेजमध्ये मोठी झेप दिसू शकते, आणि या यादीत तसं म्हणता येईल अशा जागा थोड्याच आहेत.

ट्रिम उणे १० च्या खाली असेल तर पेट्रोल कुठून तरी फुकट येतंय. टाकी भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकलाय. इंजिन गार असताना आयडलला त्याची कॅनिस्टरकडची (वाफ साठवणाऱ्या डब्याकडची) नळी काढून व्हॉल्व्हच्या टोकावर बोट ठेवा. व्हॉल्व्हमधून ओढ जाणवली तर तो बदला. ओढ नसेल तर गळका इंजेक्टर आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल तपासा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का आणि ऑइलची पातळी वाढलीय का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

मास एअरफ्लो सेन्सर आयडलला दर लिटर क्षमतेमागे सेकंदाला साधारण एक ग्रॅम हवा दाखवतो, म्हणजे ५.३ लिटरला पाच-साडेपाच. त्याहून बराच कमी असेल तर त्याच कामाचा क्लीनर स्प्रे मारा. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर नको, तारेला बोट नको, कापूस नको. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच लावा. दर काही महिन्यांनी तो पुन्हा घाण होत असेल तर बहुधा तेल लावायचा धुण्याजोगा एअर फिल्टर बसवलेला असतो, आणि त्यावर तेल जास्त झालेलं असतं. कागदी फिल्टरवर परत या.

फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल आणि जास्त इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीत इथेनॉलचा टक्काही पाहून घ्या. काही गाड्यांत तो वेगळ्या सेन्सरने मोजला जात नाही, ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाजला जातो. टाकीत १० टक्क्यांचं नेहमीचं पेट्रोल असताना स्कॅनर ५० दाखवत असेल तर सगळी गणितं चुकतात. ई-८५ मुद्दाम भरत असाल तर अ‍ॅव्हरेज १५ ते २७ टक्के पडणारच. तो दोष नाही, त्या इंधनात ऊर्जाच कमी असते. खर्च गॅलनमागे किती ते न पाहता मैलामागे किती ते पाहा.

इंजिन ठीक, तरी अ‍ॅव्हरेज कमी

सपाट रस्ता, मागे गाडी नाही, ६० ते ६५ मैलांचा स्थिर वेग, वरचा गिअर. अ‍ॅक्सिलरेटर हलू न देता ब्रेक पेडलला इतकाच स्पर्श करा की फक्त ब्रेकचा दिवा लागेल. आरपीएम दोन-तीनशेने उसळून पेडल सोडल्यावर काही सेकंदांत परत खाली आला तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतोय. काहीच हललं नाही तर तो आधीपासूनच उघडा होता, आणि तेवढी ताकद तेल तापवण्यात जातेय. गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन गोष्टी: कूलंटचं तापमान, आणि ब्रेक लाइटचा स्विच. स्विच सरकलेला असला की कॉम्प्युटरला सतत ब्रेक दाबल्याचा भास होतो आणि तो कन्व्हर्टर लॉकच करत नाही. अशा गाडीत बहुधा क्रूझ कंट्रोलही चालत नाही. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर सुरुवात स्विचपासून.

ब्रेक धरून राहणं हा दुसरा चोर. दहा मैल चालवून शेवटी ब्रेक शक्यतो न दाबता गाडी आपोआप थांबू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. पुढच्या दोन जवळपास सारख्या हव्यात, मागच्या दोनही. डाव्या-उजव्यात ५० अंश फॅरनहाइटहून जास्त फरक असेल तर ते चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून. हाताने फिरत नसेल तर कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू किंचित उघडा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे रबरी नळी आतून सुजलीय. तरीही धरलं असेल तर स्लाइड पिन गंजल्यात किंवा पिस्टन अडकलाय. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत तीच तक्रार परत. मिठाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या डिस्कच्या आतले पार्किंग ब्रेकचे शू तपासायला विसरू नका.

फोर-व्हील-ड्राइव्हचं बटण ‘ऑटो’वर विसरलेलं असणं हेही एक नेहमीचं. त्या स्थितीत पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला राहतो आणि फिरत राहतो. कोरड्या रस्त्यावर ‘टू हाय’ (फक्त मागची चाकं) ठेवा. २००४ पासूनच्या फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-१५० मध्ये पुढची चाकं व्हॅक्यूमने सोडवलेली असतात. नळी चिरली की ती अर्धवट जोडली जातात. पुढच्या चाकाकडून घरघर आणि अ‍ॅव्हरेजमध्ये घसरण एकदमच सुरू झाली असेल तर आधी त्या नळ्या बघा, कारण घरघर चालू ठेवली तर हबचे दात जातात.

सिलिंडर बंद होतात का, आणि टर्बो

जीएममध्ये २००७ च्या सुमाराची अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट, २०१९ पासून १७ पद्धतींनी सिलिंडर बंद-चालू करणारी डायनॅमिक, आणि हेमीमधली एमडीएस यांचं काम एकच: हलक्या भाराला काही सिलिंडर झोपवणं. ऑइलच्या दाबावर ही यंत्रणा चालते, म्हणून ऑइलचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच हवा. ५.७ हेमीला ५डब्ल्यू-२० सांगितलंय ते याचसाठी. ‘जाड ऑइल इंजिनाला चांगलं’ म्हणून १०डब्ल्यू-४० ओतलं की हे बिघडतं. टो-हॉल (ओझं ओढायचा) मोड चालू राहिला तरी सिलिंडर झोपत नाहीत. लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) खराब होण्याच्या भीतीने ओबीडी सॉकेटमध्ये ही यंत्रणा बंद ठेवणारा डिसेबलर लावला असेल तर तो तुमचा निर्णय, आणि बराच समजण्याजोगाही. पण मग हायवेवरचं अ‍ॅव्हरेज थोडं पडलं म्हणून दुसरीकडे दोष शोधू नका.

फोर्डच्या इकोबूस्टसारख्या टर्बो व्ही-६ चं गणित वेगळं. बूस्ट नसताना ते लहान इंजिन असतं, बूस्टमध्ये मोठं आणि खादाड. जड भाराला टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला मिश्रण मुद्दाम गडद केलं जातं. डॅशबोर्डवर बूस्टचा काटा असेल तर एक टाकीभर तो शून्याच्या जवळ ठेवून चालवा. आकडा सुधारला तर निदान झालं: पाय जड आहे. या इंजिनांत प्लगची फटही लवकर वाढते. ती साधारण ०.०३० इंच असायला हवी, आणि मिसिंग सुरू होण्याची वाट न पाहता तपासावी.

यावर पैसे घालवू नका

चुंबक, पेट्रोलाच्या नळीवरची कडी, इनटेकमधला पंखा, सॉकेटमध्ये लावायची ‘इको’ चिप. ईपीएने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली आहेत. फार थोड्यांनी नगण्य फरक दाखवला, काहींनी धूर वाढवला. एअर फिल्टर तुंबला म्हणून आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज फारसं पडत नाही, वेग घेण्याची ताकद पडते. कमी हवा आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. इंजिन सांभाळायला बदला, पेट्रोल वाचवायला नव्हे. ८७ ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या इंजिनात ९३ भरण्याचंही तेच. ५.७ हेमीसाठी कंपनी ८९ सुचवते आणि जीएमच्या ६.२ साठी प्रीमियम, तिथे मात्र सुचवलेलंच भरा.

मोठे टायर बसवल्यावर अ‍ॅक्सलचे गिअर बदलावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. ३.२१ किंवा ३.३१ अ‍ॅक्सल गुणोत्तराच्या गाडीत ३५ इंची टायर घातले की ती वरचा गिअर धरू शकत नाही, सतत खाली उतरते. तिथे ३.७३ किंवा ३.९२ ने चालवणं सुखाचं होतं, अ‍ॅव्हरेजही कधी थोडं सावरतं. पण पुढचा-मागचा असे दोन अ‍ॅक्सल उघडायचा खर्च पेट्रोलातून निघत नाही. ट्रेलर ओढत असाल तर करा, नाहीतर जुना टायर परत घाला.

ट्रेलरचंच बोलायचं तर उंच, चौकोनी कॅम्पर मागे असताना ८ ते १० मैल प्रति गॅलन हे नॉर्मल आहे. तिथे वजनापेक्षा तोंडाचा आकार जास्त खातो, त्यामुळे आतलं सामान कमी करून फार मिळत नाही. ६५ चा वेग ६० वर आणून मिळतं. ट्रेलरच्या एसटी टायरपैकी अनेकांची वेगमर्यादाही ६५ च असते.

डिझेल पिकअपमध्ये पार्टिक्युलेट फिल्टरचं रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, किती मैलांनी होतं ते स्कॅनरवर पाहा. ते होत असताना फिल्टर तापवायला जादा डिझेल जातं. पूर्वीपेक्षा निम्म्या अंतरावर होऊ लागलं असेल तर छोट्या फेऱ्या, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा गळका इंजेक्टर यांच्याकडे वळा. फिल्टर काढून टाकणं हा उपाय नाही, अमेरिकेत ते बेकायदा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर सलग चालवलं तरी अनेक गाड्यांची ही तक्रार तिथेच थांबते.